शाळा सुटल्यावरचा रोबोटिक्स क्लब: पहिल्या दिवसापासून पहिल्या स्पर्धेपर्यंत

सातवीतल्या तिघांची गाडी दर दोन-चार सेकंदांनी थांबायची. बोर्डवरचा (गाडी चालवणाऱ्या छोट्या संगणकावरचा) दिवा विझून पुन्हा लागायचा आणि प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून परत सुरू व्हायचा. तिघांनी मिळून प्रोग्रॅम तीनदा नव्याने लिहिला. अर्धा तास गेला. मग त्यातल्या एकीने सहज गाडी उचलून चाकं हवेत धरली, आणि गाडी न थांबता चालत राहिली. जमिनीवर टेकवली की पुन्हा बंद. ती म्हणाली, "ताई, प्रोग्रॅममध्ये काही नाहीये. हिला ओढायला ताकद पुरत नाहीये."

दोष नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा होता. मला ते पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. मी सांगितलं असतं तर गाडी लगेच चालली असती, पण "आधी चाकं उचलून बघू" ही युक्ती त्या मुलीला सापडली नसती. पुढे वर्षभर ती इतर गटांच्या गाड्या उचलून बघत होती.

वर्गाच्या तासाला अर्धा तास अडून बसायची मुभा नसते. शाळा सुटल्यावरच्या क्लबचं खरं भांडवल तेच आहे: वस्तू बंद पडते आणि ती का पडली हे शोधायला वेळ असतो. मुलं किती घ्यायची, साहित्य कोणतं आणायचं, स्पर्धेला जायचं की नाही, हे सगळं मी याच एका निकषावर ठरवते.

मुलं, वेळ आणि जागा

साधारण ११ ते १४ वर्षं हे वय या कामाला फार चांगलं. हात पुरेसे स्थिर झालेले असतात, भागाकार आणि कोन माहीत असतात, आणि "मला येत नाही" असं चारचौघांत म्हणायची लाज अजून पुरती शिरलेली नसते.

सुरुवातीला १२ ते १८ मुलं घ्या आणि सोबत दोन मोठी माणसं ठेवा. एका संचावर तिघं बसवा. चौघं झाली की एक जण हमखास बघ्या होतो, आणि दोघांच्या गटात एक गैरहजर राहिला की काम अडतं. नावं जास्त आली तर चिठ्ठ्या टाका किंवा दोन तुकड्या करा. गुणांवरून निवड करू नका. पाना-पक्कड उत्तम चालवणारी मुलं बरेचदा गुणांच्या यादीत मागे असतात, आणि या क्लबची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच असते.

सूचनाफलकावर काय लिहिता यावर कोण येणार हे ठरतं. "रोबोटिक्स क्लब, संगणकाची आवड असणाऱ्यांसाठी" असं लिहिलं की ठरावीक मुलंच येतात. "स्वतः हलणाऱ्या वस्तू बनवायला शिकू, आधी काही येत असायची गरज नाही" असं लिहा, आणि मुलींच्या घोळक्यात स्वतः जाऊन बोलावणं करा.

आठवड्यातून एकदा, सलग ९० मिनिटं. पाऊण तासाचे दोन दिवस कागदावर तेवढेच दिसतात, पण सामान काढण्यात आणि आवरण्यात प्रत्येक वेळी वीस मिनिटं जातात. पहिला टप्पा १२ आठवड्यांचा धरा.

जागेला प्लगपॉइंट, मोकळी जमीन आणि कुलपाचं कपाट हवं. त्याहून महत्त्वाची आहे ती एक फळी, जिच्यावर अर्धवट जोडलेलं काम आठवडाभर कुणी हात न लावता राहील. दर आठवड्याला सगळं सोडवून ठेवावं लागलं तर क्लब सहाव्या आठवड्याच्या पुढे जात नाही. प्रत्येक गटाला एक पुठ्ठ्याचं खोकं द्या, त्यावर गटाचं नाव.

साहित्य निवडताना

पहिल्या महिन्यात पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी, लाकडी काड्या, रबरबँड, छोट्या डीसी मोटरी, सेल आणि सेलचे होल्डर एवढं पुरतं. बोर्ड नंतर.

बोर्ड म्हणून या वयाला मी मायक्रोबिटपासून सुरुवात करते. २०१६ साली ब्रिटनमध्ये बीबीसीच्या पुढाकाराने ११-१२ वर्षांच्या सुमारे १० लाख मुलांना तो वाटला गेला. म्हणजे तो याच वयासाठी घडवलेला आहे. त्यावर २५ दिव्यांचा छोटा पडदा, दोन बटणं आणि हालचाल ओळखणारा सेन्सर आधीच असतो. एकही वायर न जोडता पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी चालतं. प्रोग्रॅम ठोकळे जुळवून लिहिता येतो आणि पुढे त्याच बोर्डवर पायथॉन ही लिहून वापरायची संगणकभाषाही चालते.

दुसरा पर्याय आर्डुइनो. तो २००५ साली इटलीत सुरू झाला. त्याच्या उनो या बोर्डला १४ डिजिटल आणि ६ ॲनालॉग पिना, म्हणजे वायरी जोडायच्या जागा, असतात, त्यामुळे जोडता येण्यासारखं खूप असतं, पण चुकायच्या जागाही तितक्याच. आठवीच्या मुलांना किंवा दुसऱ्या वर्षी तो द्यावा. तयार ठोकळ्यांचे संच मजबूत असतात आणि भराभर जोडले जातात, पण त्यांत वायर, खांब आणि सांधे यांचे प्रश्न आधीच कुणीतरी सोडवून ठेवलेले असतात. लेगोने माइंडस्टॉर्म्स ही १९९८ पासूनची मालिका २०२२ च्या अखेरीस बंद केली. कुणी जुना संच भेट दिला तर जरूर घ्या, फक्त त्याचं सॉफ्टवेअर तुमच्याकडच्या संगणकावर चालतं का हे आधी तपासा.

एक मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब आणि प्रवाह मोजायचं यंत्र, दर दोन गटांमागे हवाच. पैसे कमी पडले तर एक सेन्सर कमी घ्या, मल्टिमीटर कमी करू नका.

पहिले चार आठवडे

पहिल्या दिवशी संगणक उघडायचाच नाही. एक मूल रोबोट होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून. बाकीच्यांनी त्याला दारापासून टेबलापर्यंत न्यायचं, पण फक्त "पुढे इतकी पावलं" आणि "उजवीकडे इतके अंश" एवढ्याच आज्ञा. "थोडंसं पुढे" म्हटलं की रोबोट जागचा हलत नाही. ही कल्पना १९६७ साली आलेल्या लोगो या मुलांसाठीच्या संगणकभाषेबरोबर वाढली. ती भाषा घडवणारे सेमोर पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी मुलांना पडद्यावरच्या, आज्ञेप्रमाणे चालणाऱ्या कासवाच्या जागी स्वतःला ठेवून चालायला सांगत. अचूक आज्ञा म्हणजे काय हे पायांनी एकदा कळलं की पुढे समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात थरथरणारा ब्रश. छोट्या मोटरीच्या दांड्यावर खोडरबराचा तुकडा एका बाजूला सरकवून बसवायचा, मोटर ब्रशच्या पाठीवर चिकटवायची, सेल जोडायचा. वजन एका बाजूला असल्यामुळे मोटर हादरते आणि ब्रश टेबलावर पळत सुटतो. मग विचारायचं: "तो नेहमी डावीकडेच का वळतो?" कुणी खोडरबर सरकवतं, कुणी सेलची जागा बदलतं, कुणी ब्रशचे केस वाकवतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम इथेच लावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि ब्रश सरळ गेला, तर कशामुळे गेला हे कुणालाच सांगता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात कागदाचे पूल आणि त्यांवर वजन. चौथ्यात मोटर, स्विच आणि सेल यांची साधी गाडी, बोर्डशिवाय. सेलची टोकं उलटी जोडली की गाडी मागे जाते, हे मुलांनी स्वतः पाहायला हवं; पुढे मोटर ड्रायव्हर (बोर्डच्या संदेशानुसार मोटरीला सेलची वीज पुरवणारा भाग) काय करतो हे त्यावरूनच कळतं.

पाचव्या आठवड्यापासून गाडी

दोन मोटरी, दोन चाकं आणि पुढे एक मोकळं फिरणारं चाक, एवढीच रचना ठेवा. मोटर बोर्डच्या पिनेला थेट जोडायची नाही, हे पहिल्याच दिवशी पक्कं करा. उनोच्या एका पिनेतून २० मिलीअँपिअरपर्यंत प्रवाह घेणं योग्य. अशा गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या, गिअर असलेल्या पिवळ्या मोटरीला मोकळं फिरतानाही शंभराच्या वर लागतो आणि चाक अडलं तर त्याच्या कितीतरी पट. म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर. इथे एक खाच आहे. सर्रास वापरला जाणारा एल२९८एन ड्रायव्हर साधारण २ व्होल्ट स्वतःच खातो. रिचार्ज होणारे चार सेल म्हणजे ४.८ व्होल्ट, त्यातले २ गेले की मोटरीला तीनही मिळत नाहीत आणि गाडी कण्हत चालते. त्याऐवजी टीबी६६१२एफएनजी घेतला तर हा तोटा फार कमी होतो.

मोटरींसाठी चार एए सेल वापरा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी धुराची सूचना देणाऱ्या यंत्रासारख्या कमी प्रवाहाच्या वस्तूंना ठीक. मोटर सुरू होताना जो झटका लागतो त्यात तिचा दाब (व्होल्टेज) कोसळतो आणि बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. वर सांगितलेल्या गाडीचं तेच झालं होतं.

पहिलं आव्हान: बरोबर एक मीटर जाऊन थांबा. मुलं आधी अंदाजाने सेकंद टाकतात. टाकू द्या. मग चाकावर खडूची खूण करून ते जमिनीवर एक फेरा फिरवायला सांगा. ६५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा एक फेरा २०.४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ पाच फेरे. गणिताच्या वहीतला पाय (π) इथे जमिनीवर मोजून मिळतो. मग गाडी दहा वेळा चालवायची आणि दहाही अंतरं लिहायची. एकदा बरोबर थांबली याला आमच्या क्लबमध्ये "चालली" म्हणत नाहीत. दहातल्या आठ वेळा थांबली तर चालली.

दुसरं आव्हान: भिंतीच्या आधी थांबणं. त्यासाठी आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर. तो ४० किलोहर्ट्‌झचा, म्हणजे कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे एक मीटरवरच्या भिंतीवरून प्रतिध्वनी यायला साधारण ५.८ मिलिसेकंद लागतात. हिशेबात दोनाने भागायला प्रत्येक तुकडीत कुणीतरी विसरतं. गाडी दुप्पट अंतर दाखवते, आणि "आवाज गेला आणि परतही आला" हे त्यांच्या तोंडून आपोआप निघतं. पडद्यासमोर आणि तिरप्या पुठ्ठ्यासमोरही हा सेन्सर लावून बघू द्या. मऊ कापड आवाज शोषून घेतं, तिरपा पुठ्ठा तो दुसरीकडे उडवतो, आणि आकडे वेडेवाकडे येतात.

तिसरं आव्हान काळ्या रेषेवरून चालण्याचं. सेन्सर पांढऱ्यावर धरून आकडा घ्या, काळ्यावर धरून आकडा घ्या, मधला आकडा सीमा. तोच आकडा कायमचा धरू नका. हा सेन्सर डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांवर चालतो, आणि उन्हातही ते भरपूर असतात. चार वाजता खिडकीजवळ चालणारी गाडी सहा वाजता दिव्याखाली भरकटते.

बंद पडलं की काय करायचं

हा भाग मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा, आणि मूल मदत मागायला आलं की त्या कागदाकडे बोट दाखवा.

१. नेमकं काय होतंय ते एका वाक्यात सांगा. "चालत नाही" हे वाक्य नाही. "डावं चाक फिरतं, उजवं फिरत नाही" हे वाक्य आहे.

२. आधी वीज. मोटर चालू असताना सेलचा दाब मोजा. उतरलेला सेल मोकळा मोजला तर ठीक वाटतो, ओझं पडलं की खरा आकडा दाखवतो.

३. मग वायरी. प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहा. मोटरीच्या बॅटरीचं ऋण टोक आणि बोर्डचं ग्राउंड (त्याचं ऋण टोक) एकमेकांना जोडलेलं आहे का? नसेल तर ड्रायव्हरला बोर्डचे संदेश कळतच नाहीत, आणि बाकी सगळं बरोबर दिसत राहतं. ब्रेडबोर्डवर (वायरी नुसत्या खोचून जोडायच्या छिद्रांच्या पाटीवर) आडव्या ओळीतली पाच छिद्रं आतून जोडलेली असतात, मधल्या खाचेपलीकडची पाच वेगळी. काही लांब ब्रेडबोर्डवर कडेच्या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात. तिथे मोठी माणसंसुद्धा तासभर फसतात.

४. शेवटी प्रोग्रॅम. त्याचे तुकडे करा आणि एक-एक तुकडा एकटा चालवून बघा.

अदलाबदलीची चाचणी मात्र हाताने दाखवा, कारण ती सुचायला वेळ लागतो. समजा गाडी सरळ न जाता उजवीकडे ओढते. दोन्ही मोटरींच्या वायरी ड्रायव्हरवर एकमेकींच्या जागी लावा आणि "सरळ जा" एवढाच प्रोग्रॅम चालवा. ओढ तशीच उजवीकडे राहिली तर दोष मोटरीत, चाकात किंवा सांगाड्यात. ओढ डावीकडे गेली तर दोष ड्रायव्हरमध्ये किंवा प्रोग्रॅममधल्या वेगात. पाच मिनिटांत अर्धी शक्यता बाद होते. सहावीतल्या एका मुलाने हे पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे गाडीलाच विचारायचं." तेव्हापासून आमच्याकडे या चाचणीला "गाडीला विचारणं" असंच नाव पडलं.

मोठ्यांसाठी एक नियम, आणि तो पाळणं जड जातं: मुलाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा नाही. हात पाठीमागे बांधून उभं राहा आणि विचारा, "तुला काय दिसतंय? कुठपर्यंत ठीक आहे?" वीस मिनिटं काहीच पुढे सरकलं नाही आणि मूल रडकुंडीला आलं, तर एक इशारा द्या, उत्तर देऊ नका. मदतीला येणाऱ्या पालकांनाही हे आधी सांगा. घरी नेऊन बाबांनी "नीट करून" आणलेली गाडी मुलाच्या हातून क्लब काढून घेते.

गटात कोण काय करतं

तिघांना मोकळं सोडलं की दुसऱ्या आठवड्यात कामं गोठतात. जो आधी लॅपटॉपजवळ बसला तो तिथेच राहतो, जो धीट तो जोडणी करतो, आणि वही लिहायला, पोस्टर रंगवायला बहुतेक वेळा मुलगी उरते. तिला ते आवडतं असं सगळे म्हणतात, कारण तिने तक्रार केलेली नसते. हे मी पाहिलंय आणि पहिल्या वर्षी मला ते उशिरा दिसलं. तेव्हापासून तीन कामं ठरलेली आहेत: एक जोडणी, दुसरं प्रोग्रॅम, तिसरं चाचणी आणि तिची नोंद. दर आठवड्याला कामं फिरतात, पसंतीचा प्रश्न नाही. "पण याला प्रोग्रॅम चांगला जमतो" असं कुणी म्हणालं तर त्याने शेजारी बसून तोंडाने सांगायचं, कीबोर्डला हात लावायचा नाही.

वही साधी असावी. तारीख, आज काय करायचं होतं, काय झालं, काय बदललं, पुढच्या वेळी पहिलं काम कोणतं. जोडणीचं चित्र हाताने काढलेलं. आठवडाभराने परत आल्यावर "आपण कुठे होतो?" यात जाणारी पंधरा मिनिटं ही शेवटची एक ओळ वाचवते.

जपून करायच्या गोष्टी

कापताना, छिद्र पाडताना आणि स्प्रिंग लावताना डोळ्यांवर चष्मा. लांब केस बांधलेले, ओढणी खोचलेली. ग्लू गन कमी तापमानाची घ्या आणि तिची जागा एकच ठेवा. सोल्डरिंग, म्हणजे धातूची तार वितळवून जोड पक्का करणं, पहिल्या टप्प्यात नकोच. पुढे केलं तर शिसं नसलेली तार, उघडी खिडकी, एका वेळी एक मूल आणि शेजारी मोठं माणूस. सुटे लिथियम सेल या वयाच्या क्लबमध्ये आणू नका. शॉर्ट झाले तर ते पेट घेऊ शकतात. साधे सेलही खिशात नाण्यांबरोबर ठेवायचे नाहीत. जोडणी बदलण्याआधी सेल काढायचा, ही सवय पहिल्याच दिवसापासून.

स्पर्धेला जायचं का

पहिल्या वर्षी घाई करू नका. गेलात तर स्वरूप समजून जा. फर्स्ट लेगो लीगच्या चॅलेंज गटात रोबोटची फेरी अडीच मिनिटांची असते, पण मूल्यमापनात मुलांनी केलेला अभ्यास-प्रकल्प, रोबोटच्या रचनेचं स्पष्टीकरण आणि एकमेकांशी वागणं यांनाही तितकंच वजन असतं. व्हेक्स आयक्यूमध्ये दोन संघ मिळून ६० सेकंदांत गुण मिळवतात, म्हणजे अनोळखी मुलांशी पाच मिनिटांत जुळवून घ्यावं लागतं. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड २००४ पासून भरतं आणि त्यात वयानुसार वेगळे गट असतात. यांतलं काय निवडायचं हे मुलांना विचारा.

तयारीत एक गोष्ट हमखास राहून जाते: परक्या जागेचा सराव. दुसरी खोली, दुसरी जमीन, दुसरा प्रकाश, भोवती गलका, आणि गाडी चालवणारं मूलही बदललेलं. स्पर्धेआधी दोनदा असा सराव घ्या. सुटे सेल, दोन जादा मोटरी आणि वायरी डब्यात घ्या, आणि रेषेच्या सेन्सरचा सीमा-आकडा तिथे पोचल्यावर पुन्हा काढा. स्पर्धेच्या दिवशी प्रशिक्षकाने मैदानापासून लांब बसावं.

स्पर्धा नको असेल तर बाराव्या आठवड्यात घरच्यांना बोलवा. भाषणं ठेवू नका. प्रत्येक गट गाडी चालवून दाखवेल आणि वहीतला एक बिघाड सांगेल: काय झालं होतं, आधी काय वाटलं, खरं कारण कसं सापडलं. गाडी त्याच वेळी बंद पडली तर सगळ्यांसमोर तिथेच भिंतीवरच्या कागदाप्रमाणे पहिल्या पायरीपासून सुरू करायचं. पालक हे फार लक्ष देऊन बघतात.

त्यानंतर एक दिवस आवराआवरीचा ठेवा. फोटो काढून झाले की मुलांनीच गाड्या सुट्या करायच्या. काहींना वाईट वाटतं, थोडा वेळ द्या. स्क्रू, वायरी, चाकं वेगवेगळ्या डब्यांत. प्रत्येक मोटर दोन सेलांवर चालवून बघायची, जी फिरत नाही तिच्यावर लाल चिकटपट्टी. या लाल पट्टीच्या मोटरी फेकू नका. पुढच्या तुकडीला त्या उघडून द्या, आणि आत काय तुटलंय ते विचारा.